ओवाळणी आणि वाटणी

लग्नपत्रिकेवर वराच्या नावामागे 'चि.' एवढेच छापलेले असते. वधूच्या नावामागे 'चि. सौ. कां.' अशी अक्षरे येतात. त्यांचा विस्तार 'चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी' असा होतो. वराने दीर्घायुषी व्हावे, एवढीच समाजाची इच्छा. वधूने मात्र सौभाग्याची आकांक्षा धरलेली असलीच पाहिजे. लग्नानंतर ती 'सौ.' होते, नवऱ्याच्या मृत्यूनंतर 'गं. भा.' होते, नवऱ्याने टाकली तर 'परित्यक्ता' म्हणवली जाते. पुरुषाशी असलेल्या नात्याच्या प्रत्येक अवस्थेसाठी मराठीने एकेक बिरुद तयार ठेवले आहे. जिने लग्नच केले नाही तिच्यासाठी मात्र बोलीत 'घोडनवरी' ही शिवी आहे आणि लेखी भाषेत 'प्रौढ कुमारिका' हा अवघडलेला शब्द. अविवाहित पुरुष ब्रह्मचारी म्हणून मिरवतो. सार्वजनिक जीवनात असला तर त्यागमूर्ती ठरतो. अविवाहित स्त्री ही केवळ कुणाची तरी न झालेली बायको असते.

भाषेत जिला जागा नाही, तिला घरात, शेतात आणि सरकारी दप्तरातही जागा मिळत नाही. तरीही या प्रश्नाकडे शहरी, सुशिक्षित, मूठभर स्त्रियांचा प्रश्न म्हणून पाहणारे लोक पुरोगामी चळवळीतही पुष्कळ आहेत. भूमिहीनांचे, ऊसतोड मजुरांचे, धरणग्रस्तांचे लढे तुंबलेले असताना लग्न न करणाऱ्या मुलींची चिंता कोणी वाहायची, असा त्यांचा सवाल असतो. या सवालाच्या मुळाशीच चूक आहे. अविवाहित स्त्रीचे स्वातंत्र्य हा आवडीनिवडीचा प्रश्न नसून मालमत्तेचा आणि मजुरीचा प्रश्न आहे. शिक्षण मिळाले, कौतुक झाले, घरच्यांची परवानगीही मिळाली, परंतु स्वतःची मिळकत आणि स्वतःचे छप्पर मिळाले नाही, अशा स्त्रीचे स्वातंत्र्य उसनेच राहिले, असे दीडशे वर्षांचा इतिहास सांगतो. या इतिहासाचा आजचा मुक्काम इंदापूर तालुक्यातील शेळगावासारख्या गावांच्या सातबाऱ्यावर आहे.

'जास्तीच्या' स्त्रिया

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्लंडपासून आरंभ करणे सोयीचे आहे, कारण भारतावर राज्य करणारा कायदा आणि नीतिकल्पना तेथूनच आल्या. १८५१ च्या जनगणनेत ग्रेट ब्रिटनमध्ये स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा सुमारे पाच लाखांनी अधिक भरली. प्रत्येक स्त्रीला नवरा मिळणे गणितानेच अशक्य आहे, हे त्या आकड्यांनी उघड केले आणि इंग्रज भद्र समाज हादरला. १८६२ मध्ये डब्ल्यू. आर. ग्रेग या लेखकाने स्त्रिया 'जास्तीच्या' का झाल्या यावर निबंध लिहिला. त्याने सुचवलेला उपाय असा की, या स्त्रियांना जहाजांत भरून वसाहतींत पाठवावे, तेथे नवऱ्यांची वाण नाही. घरकाम करणाऱ्या मोलकरणींना मात्र त्याने 'जास्तीच्या' यादीतून वगळले. पुरुषांच्या आधाराने राहणे आणि पुरुषांची सेवा करणे ही स्त्रीची दोन्ही कार्ये त्या पार पाडतातच, असा त्याचा युक्तिवाद होता. भांडवलशाही समाजाची इतकी प्रांजळ कबुली क्वचितच आढळते. स्त्री अविवाहित आहे याचे त्या समाजाला वावडे नव्हते. ती कुणाच्या सेवेत नाही, याचे होते. त्याच वर्षी फ्रान्सिस पॉवर कॉब या स्वतः अविवाहित असलेल्या लेखिकेने या विचारसरणीला जाहीर उत्तर दिले.

इंग्रजी कायद्यातील विसंगती याहून बोलकी आहे. सज्ञान अविवाहित स्त्री तेथे मालमत्ता धारण करू शकत होती, करार करू शकत होती, दावा लावू शकत होती. लग्न होताच हे अधिकार नवऱ्याकडे जात. विवाहित स्त्रीच्या मालमत्तेसंबंधीचे कायदे १८७० आणि १८८२ मध्ये झाले, तेव्हा कुठे ही कोंडी फुटली. म्हणजे कायद्याने ज्या अवस्थेत स्त्रीला पूर्ण व्यक्ती मानले, त्याच अवस्थेची समाजाने हेटाळणी केली. कागदावर अधिकार होते आणि पोटाला काम नव्हते. मध्यमवर्गीय मुलीला परक्या घरात शिक्षिका होऊन तुटपुंज्या पगारावर मोलकरीण आणि मालकीण यांच्या मधल्या अधांतरी जागेत राहावे लागे. गरिबाच्या मुलीला घरकाम किंवा कारखाना. १८८८ मध्ये लंडनमधील ब्रायंट अँड मे या आगपेट्यांच्या कारखान्यातील सुमारे १४०० स्त्रिया आणि मुली संपावर गेल्या. त्यांतील अनेकजणी कोवळ्या वयाच्या होत्या. दंडाची पद्धत रद्द करून घेऊन त्यांनी संप जिंकला आणि आपली युनियन उभारली. अविवाहित स्त्रीच्या स्वातंत्र्याचा हा धडा त्या काळच्या कोणत्याही दिवाणखान्यातील चर्चेपेक्षा अधिक मोलाचा आहे.

साम्राज्याच्या या टोकाला

त्याच राणीच्या राज्यात महाराष्ट्रात 'जास्तीच्या' स्त्रियांचा प्रश्न उद्भवलाच नाही, कारण हिंदू समाजात प्रौढ अविवाहित स्त्री अस्तित्वातच येऊ दिली जात नव्हती. आठव्या-दहाव्या वर्षी लग्न, आणि नवरा वारला तर जन्मभराचे वैधव्य. लग्न न करता वाढलेली जी एकच स्त्री समाजाने मान्य केली होती, तिचेही लग्न देवाशी लावलेले असे. पुणे जिल्ह्यातच, जेजुरीच्या खंडोबाला मुली मुरळी म्हणून वाहिल्या जात, आणि त्या मुली बहुतांशी दलित व गरीब घरांतल्या असत. मुरळीला नवरा नव्हता म्हणून ती स्वतंत्र होती असे कोणी म्हणणार नाही. ती साऱ्या गावाच्या हवाली केलेली होती. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रथेविरुद्ध मोहीम उघडली. नवरा नसणे आणि स्वातंत्र्य असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे मुरळीच्या उदाहरणाने कायमचे स्पष्ट व्हावे.

या पार्श्वभूमीवर रखमाबाईंचा खटला पाहिला पाहिजे. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या आणि सासरी कधीच न नांदलेल्या या मुलीवर नवरा दादाजी भिकाजी याने १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. कायद्याच्या लेखी ती विवाहित होती. तिचे म्हणणे असे होते की अजाण वयात, संमतीवाचून झालेले लग्न आपल्याला बांधू शकत नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी फर्मावले की एका महिन्यात नांदायला जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगावा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. टिळकांच्या पत्रांनी तिच्यावर टीकेची झोड उठवली. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे रुग्णालये चालवली, पुन्हा लग्न केले नाही, आणि १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले.

या कथेतील धैर्याचे गुणगान पुष्कळ होते. तिच्यातील अर्थकारण मात्र दुर्लक्षित राहते. रखमाबाईंच्या वडिलांची मालमत्ता आईच्या पुनर्विवाहाच्या वेळी मुलीच्या नावावर झालेली होती. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांचे घर तिच्या पाठीशी होते. स्वतःची मालमत्ता आणि हक्काचे छप्पर असलेली मुलगी न्यायालयात उभी राहू शकली. त्याच वयाच्या, त्याच दुःखाच्या हजारो मुलींना न्यायालयाची पायरीही दिसली नाही. योगायोग असा की ज्या १८८४ साली हा दावा दाखल झाला, त्याच साली एंगल्सचा कुटुंब, खाजगी मालमत्ता आणि राज्यसंस्था यांच्या उगमावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुंबईच्या न्यायालयात त्या ग्रंथाचे प्रात्यक्षिकच चालू होते.

लग्न न करता जगलेल्या त्या पिढीतील दुसरी ठळक स्त्री म्हणजे नाशिक येथे १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. इंग्लंडला जाण्यासाठीची सरकारी शिष्यवृत्ती गुणवत्तेने त्यांची होती, ती त्या स्त्री असल्यामुळे नाकारली गेली. इंग्लंडमधील हितचिंतकांनी जमवलेल्या निधीवर त्या ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पदवी हाती पडायला १९२२ साल उजाडले. राजकारणात त्या साम्राज्याच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि स्वातंत्र्य चळवळीला त्यांनी विरोध केला, हेही नोंदवले पाहिजे. त्या ख्रिस्ती कुटुंबातल्या होत्या, म्हणूनच बालविवाहाच्या जात्यातून सुटल्या. पंडिता रमाबाईंच्या कन्या मनोरमा यांचेही तेच. त्या पदवीधर झाल्या, अविवाहित राहिल्या, आईच्या शारदा सदनात शिकवीत राहिल्या आणि १९२१ मध्ये, आईच्याही आधी, वारल्या. बारामती-इंदापूरच्या शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगाव येथे, रमाबाईंनी जमीन घेऊन उभारलेल्या मुक्ती सदनात दुष्काळात निराधार झालेल्या स्त्रिया शेती, विणकाम आणि छपाई शिकत. धर्मांतराच्या वादात केडगावचे हे मर्म झाकले गेले. तेथे उपदेशाच्या आधी जमीन आणि काम होते.

सेवेची अट

विसाव्या शतकात चित्र हळूहळू पालटले. महर्षी कर्वे यांनी १९०७ मध्ये महिला विद्यालय काढले, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा केले. मुली शिकल्या, शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, आणि महाराष्ट्रात प्रथमच मध्यमवर्गीय अविवाहित स्त्री हा एक सामाजिक वर्ग निर्माण झाला. समाजाने तिला जागा दिली. पण एका अटीवर. तिने आपले आयुष्य सेवेला वाहिलेले असावे. संस्थेची सेवा, रुग्णांची सेवा, नाहीतर म्हाताऱ्या आईबापांची आणि धाकट्या भावंडांची सेवा. ग्रेगने मोलकरणींना जी सवलत दिली होती, तीच येथे पांढऱ्या साडीत वावरू लागली.

१९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि पांढरपेशा महाराष्ट्रात वादळ उठले. लेखिका होत्या मालतीबाई बेडेकर, पूर्वाश्रमीच्या बाळूताई खरे, कर्व्यांच्याच संस्थेत वाढलेल्या. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनाची घुसमट त्यांनी मांडली, याचा लोकांना राग आला. वास्तविक त्या कथांमधील अधिक झोंबणारे सत्य आर्थिक होते. मिळवती मुलगी घराला परवडते, म्हणून तिचे लग्न लांबते. तिच्या पगारावर भावांची शिक्षणे होतात. आणि ज्या संसारासाठी ती राबते, तो तिचा नसतो. म्हणजे मजुरी मिळाली तरी मजुरीवर ताबा नसला, तर मुलगी घरातली बिनलग्नाची वेठबिगार बनते. शिक्षणाने स्त्री मुक्त होते असे मानणाऱ्या सुधारकी आशावादाला याहून चोख उत्तर दिले गेलेले नाही.

त्यानंतरच्या पिढीत स्वतःच्या मिळकतीवर आणि स्वतःच्या अटींवर जगलेल्या अविवाहित स्त्रिया दिसू लागतात. शांता शेळके यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९२२ रोजी इंदापुरातच झाला. आचार्य अत्रे यांच्या 'नवयुग' साप्ताहिकातील नोकरी, नागपूर व मुंबई येथील प्राध्यापकी आणि गीतलेखन यांवर त्या उभ्या राहिल्या; १९९६ मध्ये आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. दुर्गा भागवत यांनी १९७५ मध्ये कराडच्या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला उघड विरोध केला आणि पुढे तुरुंगवास सोसला. सत्तेपुढे ताठ उभ्या राहणाऱ्या त्या स्त्रीला समाजवादी कार्यकर्ते आजही आदराने आठवतात. परंतु शहरात नोकरी, लेखणी आणि भाड्याची खोली यांच्या बळावर जे शक्य झाले, ते खेड्यात कशाच्या बळावर व्हावे? खेड्यात पगार नसतो. खेड्यात जमीन असते.

कायद्याची मंद चाल

जमिनीच्या वारशाचा इतिहास अविवाहित मुलीच्या दृष्टीने तपासला तर तो संकोचाचा इतिहास दिसतो. १९३७ च्या कायद्याने विधवांना मर्यादित हक्क दिला. मुलींचा त्यात समावेश नव्हता. हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्श्यातील वाटा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हक्क मुलग्यांचाच ठेवला. त्याच कायद्याच्या तेविसाव्या कलमाने राहत्या घराची वाटणी मागण्याचा हक्क मुलीला नाकारला. अविवाहित, विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली असेल तर तिने तेथे राहावे, मालक म्हणून वाटणी मात्र मागू नये. छप्पर द्यायचे ते दयेचे द्यायचे, असे संसदेनेच ठरवून टाकले होते.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना जन्मतः सहदायाद केले. शरद पवार मुख्यमंत्री असतानाचा हा निर्णय पुरोगामी होता यात शंका नाही. मात्र त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले होते. लग्न झाले की मुलगी परक्याची, हे सूत्र कायद्याने शाबूत राखले. तरीही अविवाहित मुलीला बापाच्या शेतात जन्माने हिस्सा आहे, हे या भूमीत प्रथमच मान्य झाले. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय कायद्याने विवाहित-अविवाहित हा भेद पुसला, तेविसावे कलम काढून टाकले. आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मुलीचा हक्क जन्माने येतो, दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असण्यावर तो अवलंबून नाही. कागदावरची लढाई येथे संपली. तरीही २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीदारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपासच भरले.

शेळगावची चावडी

बारामतीहून इंदापूरला जाताना अंथुर्णे आणि निमगाव केतकी यांच्या दरम्यान शेळगावचा फाटा लागतो. आषाढात तुकोबांची पालखी याच वाटेने पंढरीला जाते. दिंड्यांमधून मुक्ताई आणि जनाबाई यांचे अभंग गाइले जातात. परंपरेनुसार त्या दोघींनीही संसार मांडला नाही, आणि वारकऱ्यांना त्यात काही उणे वाटत नाही. त्याच वाटेवरच्या गावात तिशीची मुलगी लग्नावाचून राहिली, तर तिच्या आईला चारचौघींत मान खाली घालावी लागते.

हा सारा पट्टा नीरा डाव्या कालव्याचा. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर व्हिक्टोरियाच्याच राजवटीत तो खोदला गेला, आणि त्या पाण्यावर पुढे ऊस, गूळ, वालचंदनगरचा आणि भवानीनगरचा साखर कारखाना असे सारे अर्थकारण उभे राहिले. या अर्थकारणाची किल्ली सातबारा आहे. सातबाऱ्यावर नाव असेल तर कालव्याच्या पाण्याचा अर्ज करता येतो, सोसायटीचे पीककर्ज मिळते, ऊस नोंदवता येतो, सहकारी कारखान्याचे सभासद होता येते, आणि सभासद झाले की मत देता येते. सातबाऱ्यावर नाव नसेल तर यांतील काहीही नाही. शहरात जमीन ही एक मिळकत असते. ऊसपट्ट्यात ती नागरिकत्वाचा दाखला असते. म्हणूनच येथे मुलीचे नाव उताऱ्यावरून गेले, की केवळ दोन-चार एकरांचा हिस्सा जात नाही. सहकाराच्या लोकशाहीतून तिची हकालपट्टी होते.

हे नाव जाते कसे? बळजबरीने क्वचितच. वडील वारतात, वारसनोंदीत मुलींची नावे कायद्याने लागतात, आणि काही महिन्यांत हक्कसोडपत्र होते. अल्प मुद्रांकावर, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, बहिणी 'राजीखुशीने' सही करतात. त्या राजीखुशीच्या मागे एकच धास्ती असते: माहेर तुटेल. बाळंतपणाला, आजारपणाला, नवऱ्याने घराबाहेर काढल्यावर जायला दुसरे ठिकाण नसलेली स्त्री माहेरचा उंबरा शाबूत ठेवण्यासाठी माहेरची जमीन सोडून देते. जिचे लग्नच झालेले नाही तिच्या बाबतीत ही शोकांतिका दुप्पट आहे. तिला सासर नाही. माहेर हेच तिचे घर. सही केली की त्या घरात ती भावाची आश्रित आणि भावजयीची मदतनीस होते. सही नाकारली तर गावभर बोभाटा होतो. त्यामुळे शेतीत उभी हयात राबलेली मुलगी कागदोपत्री बेरोजगार आणि बेघर ठरते.

ज्या घरांना जमीनच नाही, त्यांच्या मुलींची दशा याहून बिकट. कारखान्यांवर ऊस तोडायला येणाऱ्या मजुरांच्या हिशेबात 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते. एकट्या माणसाची गणना 'अर्धा कोयता' अशी होते. मजुरीच्या बाजारानेच एकटी स्त्री अर्धी ठरवली आहे. टोळीत जागा मिळावी म्हणून कोवळ्या मुलींची लग्ने उरकली जातात, ती केवळ रूढीमुळे होत नाहीत. मुकादमाचा हिशेब त्यांना भाग पाडतो.

सरकारची दृष्टी यापेक्षा फार निराळी नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत पस्तीस वर्षांवरील अविवाहित स्त्रीचा समावेश केलेला आहे. म्हणजे पस्तिशी उलटली की ती निराधार, हे राज्याने गृहीतच धरले आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता अशा स्त्रियांना महिना १५०० रुपये जाहीर झाले. अविवाहित स्त्री मात्र कुटुंबात एकच धरली गेली. गरीब घरात दीड हजार रुपयांचे मोल कोणी नाकारणार नाही. परंतु या योजनेचे नावच तिचे तत्त्वज्ञान सांगते. बहिणीला ओवाळणी द्यायची आणि वाटणीचा विषय काढायचा नाही, ही घराघरातली रीत आता राज्यकारभाराची रीत झाली आहे.

आक्षेप आणि उत्तरे

मुलींना हिस्से दिले तर शेतीचे तुकडे पडतील, असे सांगितले जाते. चार भाऊ वाटण्या करतात तेव्हा तुकड्यांची ही चिंता कोणाला सुचत नाही. तुकडेकरण ही खरी समस्या आहे, आणि तिचे उत्तर सामुदायिक शेतीत व सहकारात आहे. बहिणीचे नाव खोडण्यात नाही.

लग्नात खर्च केला, तोच मुलीचा हिस्सा, असे दुसरे म्हणणे असते. हुंडा १९६१ पासून बेकायदा आहे. तरीही जो दिला जातो तो मुलीच्या हाती पडत नाही, सासऱ्याच्या हाती पडतो. शिवाय हा युक्तिवाद खरा धरला, तर जिच्या लग्नावर एक पैसाही खर्च झाला नाही तिला दुप्पट हिस्सा मिळायला हवा. असे एकाही घरात घडत नाही.

तिसरा आक्षेप, मुलींनी लग्ने केली नाहीत तर समाजाचे काय होणार, हा. डिसेंबर २०२२ मध्ये शेजारच्या सोलापुरात लग्नाळू तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला आणि नवरी मिळत नाही म्हणून दाद मागितली. स्त्री-भ्रूणहत्येचा मुद्दा त्यांनी उपस्थित केला, हे योग्यच होते. परंतु त्या तरुणांना कोणी शिवी दिली नाही. त्यांच्या एकटेपणाकडे सामाजिक प्रश्न म्हणून पाहिले गेले. स्त्रीचे एकटेपण मात्र तिचा दोष मानला जातो. मुली जन्माला येऊ दिल्या जात नाहीत त्या वाटणीच्या आणि हुंड्याच्या भीतीपोटीच. मुलीचा हिस्सा सहज, गाजावाजा न होता उताऱ्यावर लागू लागेल, तेव्हाच ती भीती ओसरू लागेल. आणि हिस्सेदार मुलगी लग्न करील की नाही, हा तिचा प्रश्न असेल. पोटासाठी आणि छपरासाठी मात्र ती लग्न करणार नाही.

कार्यकर्त्यांचे काम

डॉ. राममनोहर लोहियांनी सप्तक्रांतीत नर-नारी समतेला स्थान दिले. ती समता व्यासपीठावरून जाहीर करणे सोपे आहे; चावडीत उभी करणे कठीण. त्यासाठी काही साधी, चिकाटीची कामे आहेत.

गावात कोणी खातेदार वारला, की वारसनोंदीच्या वेळी पक्षाच्या कार्यकर्त्याने हजर राहावे, मुलींची नावे लागली की नाही ते पाहावे, आणि फेरफाराची नक्कल त्यांच्या हाती द्यावी. हक्कसोडपत्राची घाई चालली असेल तेथे सही करण्यापूर्वी त्या स्त्रीला तिच्या हिश्श्याचे क्षेत्र आणि त्याची किंमत समजावून सांगावी. सही करणे न करणे तिच्यावर सोपवावे, पण अजाणतेपणी सही होऊ देऊ नये. उताऱ्यावर नाव असलेल्या अविवाहित मुलींना सोसायटीचे आणि कारखान्याचे सभासद करून घेण्यासाठी आग्रह धरावा. घरकुलाच्या यादीत एकट्या स्त्रीला स्वतंत्र कुटुंब मानावे, असा ठराव ग्रामसभेत आणावा. ऊसतोडीत एकट्या स्त्रीला पूर्ण मजूर म्हणून नोंदवावे आणि तिची मजुरी तिच्याच हाती द्यावी, ही मागणी संघटनेच्या मागणीपत्रात पहिल्या पानावर असावी. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या मुलींना तालुक्याच्या ठिकाणी परवडणारी वसतिगृहे मिळावीत, म्हणजे कामाची पाळी संपल्यावर परतण्यासाठी भावाचे घर हा एकच मार्ग उरणार नाही.

यांतील एकही मागणी नवी किंवा क्रांतिकारक नाही. बहुतेक आजच्याच कायद्यात बसणाऱ्या आहेत. त्या अमलात येत नाहीत, कारण त्यांची अंमलबजावणी जेथे व्हायची त्या घरांत कार्यकर्तेही राहतात. भूमिहीनांना जमीन द्या अशी घोषणा देणाऱ्या किती घरांत बहिणींची हक्कसोडपत्रे लोखंडी पेटीत जपून ठेवलेली आहेत, याचा हिशेब पक्षाने कधी मांडलेला नाही. सरंजामदाराच्या जमिनीवरील कमाल मर्यादेचा आग्रह धरणाऱ्यांनी भावाच्या सातबाऱ्यावरील बहिणीच्या किमान हिश्श्याचाही आग्रह धरला पाहिजे. दोन्ही मागण्या एकाच तत्त्वाच्या आहेत: जो राबतो, त्याच्या हाती साधन हवे.

रखमाबाईंना तुरुंगाची भीती घालणारे न्यायालय आता नाही. शेळगावच्या किंवा निमगावच्या मुलीला आज कोणी तुरुंग दाखवत नाही. तिला माहेर तुटण्याची भीती दाखवली जाते, आणि ती भीती घालण्याचे काम न्यायमूर्ती करत नाहीत, भाऊ करतो. म्हणून या लढ्याची सुरुवात भावांनीच करायची आहे. येत्या भाऊबीजेपूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या घरचा उतारा काढून पाहावा. त्यावर बहिणीचे नाव नसेल, तर ते लावण्याचा अर्ज आधी द्यावा, आणि मग ओवाळून घ्यायला बसावे.